डावा, उजवा आणि पिचरचा आकडा

उजव्या हाताने फेकणाऱ्या पिचरसमोर डावखुरा फलंदाज सुखात असतो आणि डाव्या पिचरसमोर उजवा, ही गोष्ट बेसबॉलमध्ये शंभराहून अधिक वर्षे सर्वांना ठाऊक आहे. आपल्याला क्रिकेटवरून थोडा अंदाज येतो, पण तिथे बहुतेक वेळा चेंडू टप्पा घेऊन वळतो. बेसबॉलमध्ये तो हवेतच वळतो. उजव्या पिचरचा हात उजव्या फलंदाजाच्या खांद्यामागून आल्यासारखा येतो. चेंडू आधी अंगावर येतोय असे वाटते आणि शेवटच्या क्षणी तो बॅटपासून दूर सरकतो. डावखुऱ्याला तोच चेंडू हातातून सुटल्यापासून पूर्ण दिसतो आणि वळतो तो त्याच्याकडेच. १९१४ साली बोस्टन ब्रेव्हज संघाचे व्यवस्थापक जॉर्ज स्टॉलिंग्ज यांनी समोरच्या पिचरचा हात पाहून आउटफिल्डमधले खेळाडू बदलले आणि त्या वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकली. त्यानंतर ही युक्ती शास्त्राइतकी पक्की झाली.

ठाऊक असणे आणि मोजता येणे यांत मात्र बरेच अंतर आहे. ब्रुकलिन डॉजर्सने १९४७मध्ये ॲलन रॉथ या सांख्यिकीतज्ज्ञाला पूर्णवेळ नेमले. तो प्रत्येक चेंडूची नोंद ठेवी आणि त्यात डाव्या-उजव्याची विभागणीही असे. पण ते आकडे संघाच्या कपाटात राहत. सामान्य वाचकाच्या हाती अशी विभागणी पडली ती १९८५पासून, एलियास संस्थेच्या वार्षिक ग्रंथामुळे. त्याच सुमारास हौशी लोकांनी घरी बसून सामन्यांच्या नोंदी उतरवायला सुरुवात केली. पुढे १९८९मध्ये ‘रेट्रोशीट’ हा उपक्रम निघाला आणि जुने सामनेही एकेका खेळीच्या तपशिलासह उपलब्ध होऊ लागले. या पगार न घेणाऱ्या मंडळींविषयी मला विशेष आदर आहे. आजच्या गेममधले अर्धे शहाणपण त्यांच्या चिकाटीतून आले आहे.

व्हिडिओ गेमच्या आधी हे सगळे फाशांवर चाले. हॅल रिचमन यांचा १९६०च्या दशकातला ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ हा खेळ पाहा. प्रत्येक खेळाडूचे एक कार्ड. एक फासा ठरवतो की निकाल फलंदाजाच्या कार्डावर पाहायचा की पिचरच्या, आणि उरलेले दोन फासे त्या कार्डावरची ओळ ठरवतात. म्हणजे निम्मे निकाल याचे, निम्मे त्याचे. लीगची फलंदाजी सरासरी ०.२६० आहे आणि एका पिचरने ०.२२०च दिली, असे धरा. त्याच्या कार्डावर ०.२२० लिहून भागत नाही, कारण निम्म्या वेळा निकाल सरासरी फलंदाजाच्या ०.२६०वर पडणार. म्हणून कार्डावर ०.१८० लागते, दोहोंची सरासरी तेव्हा कुठे ०.२२० येते. पुढे खेळाची प्रगत आवृत्ती आली आणि कार्डावर डाव्यांसाठी वेगळे व उजव्यांसाठी वेगळे स्तंभ आले. कागद आणि फासे एवढ्याच सामग्रीत हे बसवले, ही मला आजही थोर कारागिरी वाटते.

संगणकाला फासा लागत नाही, सूत्र लागते. १९८०च्या दशकाच्या आरंभी बिल जेम्स यांनी ‘लॉग५’ नावाची रीत मांडली. फलंदाजाची सरासरी, पिचरने दिलेली सरासरी आणि लीगची सरासरी हे तीन आकडे घेऊन त्या दोघांच्या गाठीतून काय निघेल, याचा अंदाज ती देते. ०.३००चा फलंदाज, ०.२२० देणारा पिचर आणि ०.२६०ची लीग असेल, तर उत्तर येते ०.२५६. या पद्धतीत डावा-उजवा आणायचा, तर एक सापळा आहे. समजा, डावखुरा फलंदाज उजव्या पिचरांविरुद्ध ०.३०० काढतो आणि समोरचा उजवा पिचर डावखुऱ्यांना ०.२८० देतो. या दोन्ही आकड्यांत डावखुऱ्याचा फायदा आधीच मुरलेला आहे. तिसरा आकडा म्हणून लीगची एकूण सरासरी ०.२६० घेतली, तर उत्तर ०.३२२ येते आणि फायदा दोनदा मोजला जातो. त्याऐवजी लीगमधल्या ‘डावखुरा फलंदाज, उजवा पिचर’ एवढ्याच गाठींची सरासरी, समजा ०.२७०, घेतली तर उत्तर ०.३११. अकरा सहस्रांशांचा हा फरक किरकोळ वाटेल, पण गेममध्ये एका हंगामाचे हजारो डाव खेळले जातात, आणि तिथे सगळे डावखुरे विनाकारण थोडे थोडे शूर होऊन बसतात.

पण यापेक्षा खोल प्रश्न वेगळाच आहे. पिचरचा डाव्या-उजव्यातला फरक खरोखर त्याचा स्वतःचा किती आणि नशिबाचा किती? राखीव पिचर एका हंगामात शंभर-सव्वाशे डावखुऱ्यांना तोंड देतो. एवढ्याशा संख्येत चार चेंडू क्षेत्ररक्षकांच्या मधून निसटले, तरी त्याच्या नावावर ‘डावखुऱ्यांसमोर दुबळा’ असा शिक्का बसतो. टॉम टँगो, मिचेल लिक्टमन आणि अँड्रू डॉल्फिन यांनी ‘द बुक’ या ग्रंथात याचा हिशेब केला. त्यांची रीत अशी, की उजव्या पिचरच्या प्रत्यक्ष आकड्यांत लीगच्या सरासरी फरकाचे सुमारे ७०० डावखुरे मिसळायचे आणि मग निष्कर्ष काढायचा. डाव्या पिचरसाठी हा आकडा ४५०च्या आसपास आहे. उजव्या फलंदाजासाठी मात्र तो तब्बल २,२०० आहे. याचा सरळ अर्थ असा, की उजव्या फलंदाजांमध्ये या बाबतीत खरा फरक फारच थोडा असतो, आणि कोणी वेगळा दिसलाच तर तो बहुधा योगायोग असतो.

उदाहरण करून पाहू. एका उजव्या पिचरने १२० डावखुऱ्यांना चेंडू टाकले आणि त्याचा फरक ८० सहस्रांश निघाला. लीगचा सर्वसाधारण फरक २० आहे असे धरू. १२० गुणिले ८० अधिक ७०० गुणिले २०, भागिले ८२०. उत्तर सुमारे २९. ऐंशीचा गाजावाजा एकोणतीसवर उतरतो. गेल्या वर्षीचाच हंगाम पुन्हा खेळून बघायचा असेल, तर ऐंशी लिहिणे योग्य, कारण त्या वर्षी जे घडले ते घडले. पुढची दहा वर्षे चालवणाऱ्या गेमने ऐंशी लिहिले, तर मात्र तो एका माणसाच्या वाईट उन्हाळ्याला त्याचा स्वभाव ठरवतो. खऱ्या संघांतही असेच शिक्के बसत, आणि एका हाताच्या फलंदाजापुरता आत येऊन परत जाणे एवढेच काम काही पिचरांच्या वाट्याला येई.

मार्कस हाइनसोन या जर्मन गृहस्थाचा ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ हा गेम इथे मला सर्वांत समंजस वाटतो. त्यात पिचरची चेंडूची करामत, वळण आणि नियंत्रण ही तिन्ही अंगे डाव्यांसाठी व उजव्यांसाठी वेगवेगळी लिहिलेली असतात. शिवाय खेळणाऱ्याला दिसतो तो पारख्याचा अंदाज. खरी क्षमता आत झाकलेली राहू शकते. क्षमता एकीकडे आणि निकाल दुसरीकडे, ही फारकत त्याने पाळली आहे.

सोनीच्या ‘एमएलबी द शो’ची अडचण निराळी. तिथे चेंडू मारतो तो हातात कंट्रोलर घेतलेला माणूस. सपाट पडद्यावर खांद्यामागून काही येत नाही आणि अंगावर आदळण्याची भीतीही नसते. म्हणून नैसर्गिक परिणाम कृत्रिमरीत्या घालावा लागतो: फलंदाजाचा अचूकपणा आणि ताकद डाव्या व उजव्या पिचरांसाठी वेगळी ठेवायची, आणि बॅटच्या टप्प्याचे वर्तुळ त्यानुसार लहान-मोठे करायचे. सगळा फरक फलंदाजाच्याच खात्यावर टाकला, तर पिचर पिचरमधला फरक पुसट होतो. मारियानो रिव्हेराचेच पाहा. तो उजवा, पण त्याचा कटर डावखुऱ्याच्या मुठीकडे शिरायचा आणि बॅटी मोडायच्या; डावखुरे त्याच्यासमोर उजव्यांपेक्षाही हतबल असत. केवळ हात पाहून असा माणूस उभा करता येत नाही.

आणि नियम बदलला की तोच आकडा वेगळे मोल दाखवतो. २०२०पासून मेजर लीगमध्ये आलेल्या पिचरला किमान तीन फलंदाजांना तरी तोंड द्यावे लागते, किंवा डाव संपवावा लागतो. एका डावखुऱ्यापुरता येणारा पिचर त्यामुळे जवळजवळ नामशेष झाला. त्याच्या हातातले कसब कमी झाले नव्हते, फक्त त्याला तेवढेच वापरून परत जाता येईना.

शेवटी पॅट व्हेंडिटचे काय करायचे? हा दोन्ही हातांनी फेकणारा पिचर. ग्लोव्हलाही दोन अंगठे. २००८मध्ये कनिष्ठ लीगच्या एका सामन्यात त्याच्यासमोर दोन्ही बाजूंनी खेळणारा फलंदाज आला. हा हात बदली, तो बाजू बदली, आणि खेळ थांबून राहिला. मग नियम झाला: पिचरने आधी हात जाहीर करायचा. व्हेंडिट २०१५मध्ये ओकलंडकडून मेजर लीगमध्ये पोहोचला. ‘फेकतो: डावा किंवा उजवा’ असा एकच रकाना ठेवून बांधलेल्या गेममध्ये त्याला बसवायचे, तर एका नावाखाली दोन पिचर लिहावे लागतात, आणि दमल्याचा हिशेब मात्र एकाच शरीराचा ठेवावा लागतो.