यंत्रातील देवनागरी आणि अक्षराचे वळण

ग्रामपंचायतीच्या फलकावर लावलेली सूचना वाचली जाते की नाही, हे तिच्यातील मजकुराइतकेच तिच्या अक्षरांवर अवलंबून असते. तथापि अक्षराचे वळण ही शोभेची बाब असून ती कलावंतांनी पाहावी, असा समज कार्यालयांतून रूढ आहे. मराठी मुद्रणाचा इतिहास पाहता हा समज टिकण्यासारखा नाही. येथे यंत्राने अक्षर बदलले आहे आणि अक्षराच्या हट्टापुढे यंत्रालाही नमते घ्यावे लागले आहे.

गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाप्रेसवर पंचांग छापले. शिळाप्रेसवर लेखकाच्या हातचे वळण जसेच्या तसे उमटे. पुढे खिळे आले व अडचणीही आल्या. काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांसाठी मिळून जुळाऱ्यापुढे शेकडो खिळ्यांच्या पेट्या मांडाव्या लागत. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने या पसाऱ्यातूनही डौलदार अक्षर साधले. पण वृत्तपत्राच्या घाईला हा पसारा परवडणारा नव्हता. म्हणून लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा खटाटोप केला, तर स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ‘अि, अी, अु’ अशी ‘अ’ची बाराखडी पुरस्कारिली. म्हणजे यंत्राच्या सोयीसाठी लिपीलाच मुरड घालण्याची तयारी थोर माणसांनीही दाखविली होती.

टंकलेखन यंत्राने ही मुरड प्रत्यक्षात घातली. चाळीस-पंचेचाळीस कळांत सारी देवनागरी बसविताना उभी जोडाक्षरे मोडली आणि पाय मोडून लिहिण्याची सवय जडली. प्रत्येक ठशाला सारखीच जागा मिळत असल्याने अरुंद अक्षराभोवती पोकळी राही, रुंद अक्षर आखडून बसे. दोन-तीन पिढ्यांच्या डोळ्यांना हेच ‘सरकारी अक्षर’ वाटू लागले.

संगणकाने ही अडचण दूर केली, पण लगेच नव्हे. कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये आरंभलेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान, भारतीय लिप्यांसाठीची ‘इस्की’ ही प्रमाण संकेतप्रणाली आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेली युनिकोडची पहिली आवृत्ती या टप्प्यांनी एक मूलभूत भेद प्रस्थापित केला. यंत्राने साठवावयाचा तो अक्षराचा संकेत. डोळ्यांना दिसते ते त्याचे रूप. रूप पुरविण्याचे काम फाँटचे. याच भेदाकडे नव्वदीच्या दशकात अनेक ठिकाणी दुर्लक्ष झाले. इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर मराठी आकृत्या बसविलेले फाँट सर्रास वापरले गेले. पडद्यावर मराठी सुबक दिसे. तीच फाईल दुसऱ्या संगणकावर नेली की इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग उरे. अशा यादीत लाभार्थ्याचे नाव शोधता येत नाही, नावे वर्णानुक्रमे लावता येत नाहीत. दिसण्यावर भाळून साठविण्याकडे पाठ फिरविल्याची ही किंमत आहे, आणि अनेक दप्तरांतून ती आजही मोजली जात आहे.

युनिकोड आल्यावरही मराठीच्या काही बारकाव्यांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूला आणि ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्याला. मानधन आचार्यास द्यावे की आचाऱ्यास, हा शालेय पोषण आहाराच्या कागदात केवळ विनोदाचा विषय राहत नाही! इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह ‘र’ची कळ दाबल्यास खाली नुक्ता असलेला ‘ऱ’ मिळतो. त्याला हलन्त देऊन ‘य’ किंवा ‘ह’ लिहिला की चंद्रकोरीसारखा अर्धा ‘र’ उमटतो. कळ यंत्रात आहेच. ती शिकविली मात्र जात नाही. ‘ॲ’ला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळण्यास २००८ साल उजाडावे लागले.

आज कार्यालयांतून सर्वाधिक दिसणारे ‘मंगल’ हे वळण प्रा. र. कृ. जोशी यांचे. मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये अध्यापन करणाऱ्या या सुलेखनकाराने ते पडद्यावरील वाचनासाठी सिद्ध केले आणि विंडोज २००० पासून ते संगणकासोबतच येऊ लागले. पडद्यासाठी घडविलेले अक्षर परिपत्रक, पुस्तिका, भिंतीवरील फलक अशा सर्वच ठिकाणी वापरले जाते, यात दोष जोशींचा नाही. जे आयते मिळाले तेच पुरेसे मानणाऱ्यांचा आहे. ‘मुक्ता’सारखी विनामूल्य वळणेही उपलब्ध आहेत. याउलट लग्नपत्रिकेत शोभणारे लपेटदार अक्षर पाणीपट्टीच्या सूचनेवर योजण्याचा उत्साहही आवरावयास हवा.

शाळांपुढील प्रश्न आणखी निराळा आहे. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेतील अक्षररूपे निश्चित केली. मराठी वळणाचा ‘ल’ पाकळीयुक्त; अनेक फाँटमध्ये मात्र हिंदी वळणाचा, दंड असलेला ‘ल’ येतो. ‘श’चीही तीच कथा. पहिलीतील मूल फळ्यावर एक ‘ल’ गिरवते आणि पडद्यावर दुसराच पाहते. दोन्हींचा संकेत एकच असल्याने संगणकाच्या लेखी त्यांत भेद नाही. काही फाँटमध्ये दोन्ही रूपे असतात. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदविली आणि वापरातील सॉफ्टवेअरला ती नोंद समजत असली, तर मराठी रूप आपोआप उमटते. शैक्षणिक साहित्य मागविताना ही अट लेखी घालणे शक्य आहे.

फाँट निवडण्यापूर्वी ‘आचाऱ्यास’, ‘उद्ध्वस्त’, ‘ॲम्ब्युलन्स’ आणि ‘शाळा’ हे चार शब्द छापून पाहावेत. इंग्रजीसाठी ठरविलेले ओळींतील अंतर मराठीला अपुरे पडते. वरची मात्रा व खालचा उकार कापला जात नाही ना, हे तपासावे. तीच फाईल शेजारच्या संगणकावर उघडून एखादे नाव शोधून पाहावे. जुन्या फाँटमधील यादी युनिकोडमध्ये आणणारी साधने उपलब्ध आहेत. परंतु रूपांतरात अर्धा ‘र’ आणि जोडाक्षरे निसटण्याचा संभव असल्याने मूळ कागद समोर ठेवून प्रत्येक नाव माणसानेच पडताळावे लागते.