साइट चालू, मेल गायब!

मागच्या दसऱ्याची गोष्ट. वडवणीहून मामाचा फोन आला. ‘‘अगं, साइट तर झकास दिसायलीय, पण तीन दिवसांत एक मेल नाही. पुण्याचा आइस्क्रीमवाला म्हणतो, ऑर्डर कवाच पाठवली!’’

माझ्या पोटात गोळाच आला. मामाचा धंदा सीताफळाच्या गराचा. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये जीआय मिळालंय, मागणी सॉलिड आहे. पण या फळाचे डोळे उघडले की ते दोन-चार दिवसांत पिकतं. ते काय मेलची वाट बघत थांबतंय?

चूक माझीच होती. मामाची मेल त्याच डोमेनवर आधीपासून चालू होती. नवी साइट टाकताना मी बिनधास्त नेमसर्व्हर बदलले. साइट दिसली, मी खूश!

आता हे मामाला समजवायचं कसं? मग आठवला सातबारा. डोमेन म्हणजे आपली जमीन. तिच्या नोंदी कोणत्या तलाठ्याच्या वहीत आहेत, हे सांगतो एनएस रेकॉर्ड, म्हणजेच नेमसर्व्हर. मी वही बदलली, पण जुन्या नोंदी नव्या वहीत उतरवल्याच नाहीत.

या नोंदी तुम्हालाही लागणार, तेव्हा बघूनच घ्या. ‘ए’ रेकॉर्ड सांगतो, साइट कोणत्या आयपी पत्त्यावर आहे. लांबलचक नव्या पद्धतीचा, म्हणजे आयपीव्ही६ पत्ता असेल, तर ‘एएएए’. ‘सीनेम’ म्हणजे टोपणनाव. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून नाव टाकलं तरी माणूस त्याच साइटवर पोचतो. ‘एमएक्स’ सांगतो, मेल कोणत्या सर्व्हरवर टाकायची. आमच्या नव्या वहीत नेमका हाच नव्हता! एमएक्स नसला की पाठवणारा सर्व्हर साइटच्याच पत्त्यावर जाऊन दार वाजवतो. तिथं मेल घेणारं कुणीच नाही. मग काही दिवस खेटे घालून मेल परत.

राहिला ‘टीएक्सटी’. आपल्या नावानं मेल कोण पाठवू शकतं, ते यात लिहितात. त्याला एसपीएफ म्हणतात. हे गंमत म्हणून सोडू नका. २०२४ पासून जीमेलवर मेल पाठवायची, तर एसपीएफ किंवा डीकेआयएम यातलं एक तरी लागतंच.

मेलवाल्या कंपनीच्या पानावरून एमएक्स आणि टीएक्सटी जसेच्या तसे उतरवले. तरी लगेच काही हलेना. प्रत्येक नोंदीला टीटीएल असतो. ३६०० लिहिलं असेल, तर तासभर जुनंच उत्तर लोकांकडे साठून राहतं. म्हणून बदल करायच्या आदल्या दिवशीच टीटीएल कमी करून ठेवायचा. हे शहाणपण मला नंतर सुचलं!

संध्याकाळी मेल सुरू झाली. तोवर आइस्क्रीमवाल्यानं निम्मा माल दुसरीकडून उचलला होता. मामा रागावला नाही. एवढंच म्हणाला, ‘‘आधी नोंदी उतरवायच्या, मग वही बदलायची. एवढं तर आमच्या तलाठ्यालाबी कळतंय, बाई!’’