‘गिव्ह अप’ म्हणजे नेमकं काय सोडायचं?

गॅसच्या अनुदानाची मोहीम आठवत असेल. 27 मार्च 2015 रोजी केंद्र सरकारने ‘गिव्ह इट अप’ असं नाव देऊन ती रीतसर सुरू केली. ज्याला झेपतं त्याने सिलिंडरवरचं अनुदान आपणहून सोडावं, त्या पैशातून गरिबाघरी गॅस पोचावा, असा हिशेब होता. साधारण वर्षभरात 1 कोटीवर ग्राहकांनी अनुदान सोडलं. इंग्रजी म्हटलं की अंग चोरणाऱ्या घरांतही हे तीन शब्द पोचले. त्यांत व्याकरणाचा एक नियमही होता, तो मात्र कुणी सांगितला नाही. त्याकडे नंतर येऊ.

आपल्या राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. कारंजा तालुक्यातल्या धनज बुद्रुकचं पोरगं दहावी होईपर्यंत दहा वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं. गाईडात त्याला साधारण अशी ओळ भेटते: गिव्ह अप म्हणजे सोडून देणे, समानार्थी शब्द क्विट, अबॅन्डन, सरेंडर, रिलिंक्विश, रिनाउन्स. पोरगं ती घोकतं आणि पेपरात वाट्टेल तो शब्द वाट्टेल तिथे बसवतं. दोष पोराचा नाही. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात असं त्याला भासवणाऱ्या त्या ओळीचा आहे.

खरं तर गावातली बोली हा भेद रोज पाळते. खर्रा सोडायचा तर ‘नाद सोड’ म्हणतात, तो क्विट. एसटीत म्हातारीला उभं पाहून कुणी पोराला म्हणतं, ‘ऊठ ना बाप्पा, बुढीले बसू दे.’ इंग्रजीत इथेही गिव्ह अप चालतं, सीट गिव्ह अप करायची. पण सीट अबॅन्डन केली म्हटलं तर लोक हसतील. अबॅन्डनमध्ये वाऱ्यावर सोडणं आहे. पेरलेलं सोयाबीन तणाच्या हवाली करून शेताकडे फिरकायचंच नाही, ते अबॅन्डन. फरार आरोपी आपल्या पायांनी ठाण्यात येतो तेव्हा आपली वर्तमानपत्रं ‘पोलिसांत हजर झाला’ असं छापतात. इंग्रजीत त्याने स्वतःला गिव्ह अप केलेलं असतं, म्हणजे सरेंडर. आणि भांडणात समोरचा भारी निघाल्यावर नांगी टाकतात, तेही तेच. संन्यासी घरदार सोडतो ते मात्र रिनाउन्स; खर्रा सोडणाऱ्याला तो शब्द लावला तर थट्टाच होईल.

रिलिंक्विशवर जरा थांबू, कारण गावात त्याचा कागद आहे: हक्कसोडपत्र. महाराष्ट्राने 1994 मध्ये हिंदू कुटुंबातल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा वाटा दिला. देशभर ते व्हायला 2005 उजाडलं. तरी बाप गेला की बहिणींना तालुक्याला नेऊन दुय्यम निबंधकासमोर सही-अंगठा घेण्याची रीत काही गेली नाही. भाऊ म्हणतो, ‘ताईने हिस्सा सोडला.’ मराठीत यालाच पाणी सोडणं म्हणतात. दान देताना हातावरून उदक सोडतात, त्यावरून हे आलं. सोडलेली वस्तू परत मागायची नाही, हा त्यातला करार. रिलिंक्विशमध्ये नेमकं हेच आहे: हक्क होता, तो सोडला. तो राजीखुशीने सोडला की माहेर तुटू नये म्हणून, हे मात्र दोन्ही भाषांतला शब्द सांगत नाही.

आता त्या ‘अप’विषयी. सोडण्यात वर जाण्यासारखं काय आहे? काही नाही. ईट अप, ड्रिंक अप, यूज अप यांतही काही वर जात नाही. इथे अप म्हणजे काम पुरतं झालं, शिल्लक राहिलं नाही. आपण ‘खाऊन टाक’ म्हणतो तेव्हा काय फेकतो? ‘बोलून बसला’ त्यात कोण बसतं? ‘सोडून दे’मध्ये कुणाला काय दिलं? दुसरं क्रियापद आपला अर्थ गाळून पहिल्याला वळण देतं. वऱ्हाडी माणूस तर ‘तू काय करून राह्यला?’ असं दिवसभर विचारतो आणि त्यातला ‘राह्यला’ कुठे राहत नाही, काम चालू आहे एवढंच सांगतो. इंग्रजीत हे काम क्रियापदामागचा छोटा शब्द करतो. परक्यांना या जोड्या फार जड जातात, हे डॉ. जॉन्सनने 1755 च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत कबूल केलं होतं. ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव मात्र लोगन पिअर्सल स्मिथच्या 1925 मधल्या पुस्तकामुळे रुळलं.

हा छोटा शब्द बदलला की सगळं फिरतं. गिव्ह इन म्हणजे नमतं घेणं: पोराने मोबाइलसाठी हट्ट धरला आणि बाप वाकला. गिव्ह अप ऑन म्हणजे एखाद्याची आशा सोडणं, त्याच्यापुढे हात टेकणं. तिथे ‘ऑन’ गाळलं तर वाक्य माणसालाच सोडून देतं.

आता तो राहिलेला नियम. सोडायची वस्तू नावाने सांगितली तर ती अपच्या आधी किंवा नंतर, कुठेही चालते. पण इट, देम असं सर्वनाम असेल तर ते मधेच बसलं पाहिजे. गिव्ह इट अप बरोबर, गिव्ह अप इट चूक. मोहिमेचं नाव म्हणूनच तसं होतं. दुसरं, पुढे क्रिया आली तर तिला ‘इंग’ लावायचं: गिव्ह अप स्मोकिंग. तिथे ‘टू स्मोक’ लिहिलं तर मार्क जातात.

तेव्हा शिक्षकांना एक विनंती. समानार्थी शब्दांची ओळ फळ्यावर लिहून द्या, पण प्रत्येक शब्दापुढे काय सोडलं ते पोरांकडून भरून घ्या: नाद, जागा, हिस्सा, आशा. वाक्यं त्यांच्या गावातली असू द्या, आधी वऱ्हाडीत सांगितली तरी चालतील.