बस थांबली, वीज थांबेना!

दोस्तांनो, स्वारगेटहून कात्रजच्या बसमध्ये उभं राहून कधी गेला आहात? जेधे चौकात ड्रायव्हरकाकांनी करकचून ब्रेक मारला की काय होतं? बस थांबते, पण आपण थांबत नाही! पुढच्या काकूंच्या पिशवीवर जाऊन आदळतो. शाळेत याला जडत्व म्हणतात. अशाच एका धक्क्याने माझ्या भाच्याच्या छोट्या आगगाडीचं इंजिन बंद पडलं.

भाचा स्वारगेटलाच राहतो. कोथरूडचं भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहून आला आणि वेड लागलं. (१९९८ साली सुरू झालेलं हे संग्रहालय पाहून कुणाला लागत नाही?) त्याची गाडी डिजिटल. म्हणजे रुळांमध्ये सतत साधारण १५ व्होल्ट वीज असते आणि त्याच विजेतून इंजिनांना हुकूम जातात. प्रत्येक इंजिनाच्या पोटात डिकोडर नावाची इवलीशी पट्टी असते. ती आपल्या नंबरचा हुकूम ओळखते, मग मोटर फिरते, शिट्टी वाजते.

एका रविवारी गाडी सांध्यावर घसरली. चाक दोन्ही रुळांना टेकलं, ठिणगी उडाली. शॉर्ट सर्किट! वीज पुरवणाऱ्या पेटीने, म्हणजे बूस्टरने, लगेच पुरवठा तोडला. मग बिघडलं कुठे? तर तिथेच! शॉर्टमध्ये तारेतून भरमसाट वीज धावत होती. ती एकदम तोडली, पण तारेतल्या विजेलाही बसमधल्या प्रवाशासारखा झोक असतो. क्षणभर व्होल्टेज दुप्पट-तिप्पट उसळू शकतं. त्याचा तडाखा बसतो बिचाऱ्या डिकोडरला. भाच्याचे पाच महिन्यांचे खाऊचे पैसे गेले.

तार जितकी लांब, तितका झोक मोठा. भाच्याने बूस्टर कपाटात ठेवून दोन तारा पार गॅलरीपर्यंत वेगवेगळ्या नेल्या होत्या. मी म्हटलं, "अरे, आधी बूस्टर जवळ आण!" मग दोन्ही तारांना वेणीसारखा पीळ घातला. शेजारी असल्या की दोघींचा झोक बराचसा एकमेकींना मारतो. तापकीर गल्लीतून १०० ओहमचा, २ वॅटचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणला. दोन्ही एकामागे एक जोडून तारांच्या लांबच्या टोकाला, दोन तारांच्या मध्ये लावले. उसळी तिथे जिरते. टीव्हीएस डायोडही मिळतो. ठरलेल्या व्होल्टेजच्या वर गेलं की तो वाट मोकळी करून देतो. मात्र दोन्ही दिशांनी चालणारा आणि रुळांच्या व्होल्टेजपेक्षा थोडा वरचाच घ्या, नाहीतर एरवीच तापेल.

भिंतीतल्या विजेचं दुखणं वेगळं. मे महिन्यात वळीव गडगडला किंवा दिवे गेले, की प्लग काढून ठेवा. गेलेली वीज परत येताना झटका देऊ शकते. आणि हो, २३० व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर उघडायचा नाही. ते काम आई-बाबांनी जाणकाराकडूनच करून घ्यावं.

सगळी इंजिनं उचलून आता परीक्षा. रुपयाचं नाणं रुळांवर आडवं ठेवायचं. बूस्टर तत्काळ बंद पडलाच पाहिजे. भाच्याने सगळीकडे नाणं ठेवून पाहिलं. गॅलरीतल्या वळणावर मात्र नाणं नुसतं गरम झालं, बूस्टर ढिम्म! तिथली तार बारीक होती. ती बदलली, आणि मगच नव्या डिकोडरचं इंजिन रुळांवर आलं.