भाषेने जपलेला गावाचा इतिहास : अक्वाविवा कोल्लेक्रोचे

प्रास्ताविक

स्थलांतरितांच्या वसाहतींची कागदपत्रे पुष्कळदा तुटपुंजी असतात. अशा वेळी भाषा हाच इतिहासाचा पुरावा कसा ठरतो, हे आपण एका उदाहरणाच्या आधारे पाहू.

वसाहत

दक्षिण इटलीतील मोलिसे प्रदेशात अक्वाविवा कोल्लेक्रोचे हे छोटे गाव आहे. गावकऱ्यांच्या बोलीत त्याचे नाव ‘क्रुच’. १४५६ च्या भूकंपाने या प्रदेशातील अनेक वस्त्या उद्ध्वस्त झाल्या आणि जमिनी ओस पडल्या. एड्रियाटिक समुद्रापलीकडे याच सुमारास तुर्की सत्ता पसरत होती; १४६३ मध्ये बोस्निया तिच्या ताब्यात गेला. तिच्या धास्तीने क्रोएशियन कुटुंबे समुद्र ओलांडून आली आणि सोळाव्या शतकाच्या आरंभी या ओसाड गावांत वसली.

बोलीची साक्ष

ही कुटुंबे नेमकी कोठून आली? ‘सुंदर’ या अर्थी प्रमाण क्रोएशियनमध्ये ‘लियेप’ असा शब्द आहे; येथे मात्र ‘लिप’ म्हणतात. अशा उच्चारभेदांवरून अभ्यासक त्यांचे मूळ दाल्मेशियाच्या अंतर्भागात, नेरेत्वा नदीच्या परिसरात शोधतात. शिवाय मायभूमीच्या बोलींत तुर्की शब्द विपुल आहेत, या बोलीत ते जवळजवळ नाहीत. म्हणजे तुर्की अंमल स्थिरावण्यापूर्वीच हे लोक निघाले असावेत. या वसाहतींचा सविस्तर अभ्यास मिलान रेशेतार यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध केला.

संपर्कातून परिवर्तन

इटालियनच्या सहवासाने या बोलीचे व्याकरणही बदलले. क्रोएशियनमध्ये मराठीप्रमाणेच तीन लिंगे आहेत, तर इटालियनमध्ये दोनच. येथील नामांमधून नपुंसकलिंग लोपले. ‘गावात राहतो’ आणि ‘गावात जातो’ यांसाठी क्रोएशियन भाषा नामाची वेगवेगळी रूपे योजते. या बोलीत ती एकरूप झाली. तरीही बोलणाऱ्यांच्या लेखी ती ‘ना-नाशो’, म्हणजे ‘आपल्या रीतीने’ बोलणे, हीच राहिली.

शिलालेख आणि बोली

जवळच्या पालाता गावातील चर्चवर १५३१ चा लॅटिन शिलालेख आहे. दाल्मेशियाच्या लोकांनी हे गाव वसवून चर्च उभारल्याचे तो सांगतो. तेथे शिला टिकली, बोली मात्र नामशेष झाली. आज ही बोली अक्वाविवा, मोन्तेमित्रो व सान फेलिचे या तीनच गावांशी निगडित असून ती बोलणारे हजाराहून कमी उरले आहेत. १९९९ च्या कायद्याने इटलीने क्रोएशियनला अल्पसंख्य भाषा म्हणून मान्यता दिली; परंतु घरात मुलांशी बोलली गेली तरच बोली जगते.

सारांश

शिलालेख वसाहतीचे वर्ष सांगतो. लोक कोठून आले, केव्हा निघाले आणि कोणात मिसळले, हे बोली सांगते. म्हणून बोलीचा अस्त म्हणजे गावाच्या इतिहासाचे एक साधन गमावणे होय.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. तुर्की शब्दांच्या अभावावरून कोणता निष्कर्ष निघतो?
२. तंजावरच्या मराठीवर तमिळच्या संपर्काचे कोणते परिणाम संभवतात, याची चर्चा करा.