जगाचें गणित आणि सह्याद्रीचा पाऊस

महाबळेश्वराहून पसरणीच्या घाटानें वाईला उतरणारा प्रवासी सुमारें ३० किलोमीटरांच्या वाटेंत जणूं दोन निराळे देश पाहतो. वर वर्षाकाठीं ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. खालीं वाईला त्याचा पांचवा हिस्साहि पडत नाहीं. अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीच्या भिंतीला अडून वर चढतात, थंड होतात आणि आपला बहुतेक भार तेथेंच टाकून मोकळे होतात. पूर्वेच्या उताराला मिळतें तें उरलेंसुरलें. तेथल्या शेतकऱ्याला ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. परंतु साऱ्या जगाच्या हवामानाचा पुढील शंभर वर्षांचा अंदाज बांधणाऱ्या गणिताला ती ठाऊक आहे काय?

हें गणित म्हणजेच हवामानाचें प्रतिमान, ज्याला सर्रास ‘मॉडेल’ म्हणतात. हवेची गति, उष्णता, बाष्प यांचे जे भौतिक नियम आहेत, ते समीकरणांच्या रूपानें संगणकाला देऊन वातावरण व समुद्र यांचा व्यवहार त्याच्याकडून चालवून घ्यावयाचा, ही यांतील मूळ कल्पना. १९५६ सालीं नॉर्मन फिलिप्स यांनीं असें पहिलें यशस्वी प्रतिमान सिद्ध केलें. पुढें स्युकुरो मनाबे यांनीं या विद्येचा पाया भक्कम केला, आणि त्यांना २०२१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. मात्र संगणकाची शक्ति अमर्याद नसल्यामुळें पृथ्वीचे चौकोनी खण पाडावे लागतात, व प्रत्येक खणाला उष्णतेचा किंवा पावसाचा एकच आंकडा मिळतो. जागतिक प्रतिमानांत अशा खणाची बाजू बहुधा १०० ते २०० किलोमीटर असते. एवढ्या खणांत कोंकणची किनारपट्टी, घाटमाथा आणि पलीकडील पठार हीं सर्व एकत्र कालवलीं जातात. सह्याद्रीची उभी भिंत तेथें नुसता सौम्य चढ होऊन बसते. महाबळेश्वर आणि वाई यांच्या वांट्याला मग एकच पाऊस येतो!

म्हणून प्रतिमानाची परीक्षा प्रदेशवार घ्यावी लागते. परंतु ती घेण्याची रीत थोडी चमत्कारिक आहे. १९७२ सालीं महाराष्ट्रांत पाऊस रुसला, तसा तो प्रतिमानांतील १९७२ सालीं रुसला कीं नाहीं, हें पाहून कांहीं उपयोग नाहीं. आरंभींच्या स्थितींतील सूक्ष्म फरकानेंहि हवेचा पुढील क्रम बदलतो, त्यामुळें प्रतिमानांतील सुकाळ-दुष्काळ आपल्याच क्रमानें येतात. पहावयाचें तें असें : तीस वर्षांची सरासरी जुळते काय? पाऊस जूनमध्यें चढतो आणि सप्टेंबरांत ओसरतो काय? ओल्या व कोरड्या वर्षांमधील अंतर खऱ्याइतकें आहे काय? तुलनेसाठीं भारतीय हवामान खात्याजवळ १९०१ पासूनच्या पर्जन्याच्या नोंदी आहेत. अर्थात् दुर्गम डोंगरांत पर्जन्यमापकें विरळ असल्यानें मापाची ही काठीसुद्धां सर्वत्र सारखी सरळ नसते.

या परीक्षेंत अनेक प्रतिमानांच्या उणिवा एकाच जातीच्या निघाल्या आहेत. मध्य भारतावर ती पाऊस कमी दाखवितात, तर विषुववृत्ताजवळील हिंदी महासागरावर जास्त. कित्येकांचा अरबी समुद्र पावसाळ्यापूर्वीं वाजवीपेक्षां थंड असतो. मग बाष्प कमी आणि पाऊसहि अपुरा. १९९५ पासून जगांतील निरनिराळ्या संस्थांचीं प्रतिमानें एकाच कसोटीवर पारखण्याचा संयुक्त उपक्रम चालू असून, त्याच्या सहाव्या फेरींत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचें प्रतिमानहि सामील झालें. अनेक प्रतिमानांची सरासरी बहुधा एकट्यादुकट्यापेक्षां बरी ठरते, कारण एकाची चूक दुसऱ्याच्या उलट चुकीनें कांहीं अंशीं फिटते.

परंतु खरा धोका याहून खोल आहे. उत्तर बरोबर आणि रीत चूक, असें येथेंहि घडूं शकतें. वारा खऱ्यापेक्षां मंद आणि बाष्प खऱ्यापेक्षां अधिक धरलें, तर सरासरी पाऊस बेमालूम जुळेल. पण पृथ्वी तापूं लागतांच दोन्ही चुका सारख्याच वाढतील याचा भरंवसा काय? म्हणून केवळ आंकडे न पाहतां कार्यकारणांचे धागे तपासतात. भारतांतील वेधशाळांचे १९०४ ते १९२४ पर्यंत प्रमुख असलेले सर गिल्बर्ट वॉकर यांनीं प्रशांत महासागराकडील वायुभाराचे हेलकावे आणि आपला पावसाळा यांचा संबंध दाखविला. पूर्व प्रशांत महासागर तापला कीं भारतांत पाऊस बहुधा उणा होतो. हा संबंध ज्या प्रतिमानांत आपोआप उमटतो, त्याच्यावर विश्वास ठेवण्यास अधिक आधार असतो.

यावर उपाय म्हणून विशिष्ट प्रदेशापुरतें बारीक खणांचें प्रतिमान जागतिक प्रतिमानाच्या आंत बसवितात. त्यांत घाट उंच होतो, पाऊस पश्चिम उतारावर सरकतो. पण त्याच्या सीमेवरून आंत येणारा वारा व बाष्प हीं मोठ्या प्रतिमानाचींच असतात. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार?

हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. कोयना महाबळेश्वरीं उगम पावते. तिच्या पाण्यावर वीज चालते आणि खालची गांवें तिच्या पुराच्या धाकांत राहतात. धरणाच्या सांडव्याचा हिशेब खणाच्या सरासरीवर बेतला, तर घाटावरची मुसळधार त्यांत दिसणारच नाहीं. आणि वाईच्या शेतकऱ्यानें तोच आंकडा प्रमाण मानला, तर त्याला न मिळणाऱ्या पाण्याची आशा लागेल. पृथ्वी तापत आहे, आणि तापलेली हवा अधिक बाष्प धरीत असल्यानें अतिवृष्टीचा जोर वाढतो, याविषयीं प्रतिमानांची साक्ष भक्कम आहे. एखाद्या तालुक्याच्या पावसाचा नेमका आंकडा सांगणारी त्यांची साक्ष मात्र उलटतपासणी केल्यावांचून घेऊं नये. साक्षीदार खोटा आहे म्हणून नव्हे, तर त्यानें तो घाट पुरता पाहिलेला नाहीं म्हणून.