परागकण

सपुष्प वनस्पतींच्या पुंकेसरातील परागकोशात तयार होणाऱ्या सूक्ष्म कणांना परागकण म्हणतात. परागकणाला पुष्कळदा 'फुलाची नर पेशी' असे संबोधले जाते. तथापि हे वर्णन अपुरे आहे. पक्व परागकण दोन किंवा तीन पेशींचा असतो. गुणसूत्रांची संख्या निम्मी असलेली ती वनस्पतीची एक स्वतंत्र, अल्पायुषी पिढी असून तिला नर युग्मकोद्भिद अशी संज्ञा आहे. नर युग्मके या पिढीत निर्माण होतात.

विकास

परागकोशात सामान्यतः चार परागपुटे असतात. पुटाच्या भित्तीचा सर्वांत आतील थर म्हणजे पोषकस्तर होय. पुटातील प्रत्येक परागमातृपेशीचे अर्धसूत्री विभाजन होऊन चार एकगुणित पेशींचे चतुष्क बनते. कॅलोज या पदार्थाचे आवरण या पेशींना वेगळे ठेवते. पोषकस्तरातून स्रवणारे विकर हे आवरण विरघळवते आणि पेशी सुट्या होतात. हे कार्य अवेळी घडल्यास काही वनस्पतींत परागकण वांझ निघतात.

सुट्या पेशीचे पुढे असमान विभाजन होते. मोठी ती शाकीय पेशी व लहान ती जनन पेशी. जनन पेशीपासून दोन नर युग्मके तयार होतात. बहुसंख्य जातींत हे विभाजन परागनलिकेत होते, तर गहू, भात इत्यादी तृणधान्यांत ते परागकण बाहेर पडण्यापूर्वीच पूर्ण होते. अशा त्रिपेशीय कणांचे आयुष्य बहुधा अल्प असते. भाताचे परागकण सुमारे अर्ध्या तासात निष्प्रभ होतात.

रचना

बहुतेक परागकणांचा व्यास २५ ते ५० मायक्रोमीटर असतो. आतील भित्ती सेल्युलोज व पेक्टिन यांची, तर बाह्य भित्ती स्पोरोपोलेनिन या अत्यंत टिकाऊ पदार्थाची असते. तीव्र आम्ले, अल्कली व उष्णता यांचा त्यावर सहजासहजी परिणाम होत नाही. म्हणून आतील जीवद्रव्य नष्ट झाल्यावरही भित्ती गाळात लक्षावधी वर्षे टिकते. बाह्य भित्तीवरील नक्षी जातीपरत्वे बदलते. जास्वंदीचा परागकण काटेरी, तर गवतांचा जवळजवळ गुळगुळीत व एकाच छिद्राचा असतो. कुक्षीवर पडलेला परागकण रुजताना परागनलिका अशा छिद्रातून बाहेर येते. मक्यात तिला कणसाच्या लांब केसातून अंडाशयापर्यंत वाढावे लागते.

महत्त्व

एका नर युग्मकाच्या संयोगातून भ्रूण व दुसऱ्याच्या संयोगातून भ्रूणपोष तयार होतो. धान्याच्या दाण्याचा मोठा भाग भ्रूणपोषाचाच असल्याने परागकण वांझ राहिल्यास व परपरागणही न झाल्यास कणीस रिकामे राहते. याच दोषाचा उपयोग संकरित बियाणे तयार करण्यासाठी करतात. ज्वारीच्या असंख्य बारीक फुलांतील परागकोश हाताने काढणे व्यवहार्य नसल्याने नर-वंध्य वाण मादी म्हणून वापरतात. 'सीएसएच-१' हा भारतातील संकरित ज्वारीचा वाण १९६४ मध्ये याच पद्धतीने प्रसारित झाला.

त्याच वर्षी दिल्ली विद्यापीठातील सिप्रा गुहा व सतीशचंद्र महेश्वरी यांनी धोतऱ्याचे परागकोश कृत्रिम माध्यमात वाढवून त्यांतून भ्रूण मिळवले. हे भ्रूण परागकणांपासून उद्भवल्याचे व एकगुणित असल्याचे पुढे स्पष्ट झाले. अशा एकगुणित रोपांतील गुणसूत्रे दुप्पट केल्यास शुद्ध वाण अल्पावधीत मिळतो. त्यामुळे पीक-सुधारणेत या तंत्राचा वापर होतो.